नाव कमी केलेलं नाही

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या सालची गोष्ट. जून उजाडला आणि मोगरवाडीच्या एसटी थांब्यावर वळकट्या दिसू लागल्या. वळकटी, गॅसची छोटी शेगडी, ज्वारीचं पोतं आणि मधोमध नव्या दप्तराचं एक पोर. ज्या शहरात घागरभर पाण्याला रांगा लागल्या होत्या, तिथंच सगळी डॉक्टर व्हायला निघाली होती. कुणाची आई पोराच्या स्वयंपाकाला बरोबर जाई, कुणाची आजी. क्लासच्या गल्लीत एक खोली मिळाली की झालं, गावाकडं मग वळून कोण बघतो?

मोगरवाडी किल्लारीपासून दोन कोसांवर. भूकंपानंतर सरकारनं माळावर वसवलेलं गाव, त्यामुळं घरं एका मापाची आणि गल्ल्या पट्टीनं आखलेल्या. जुनं गाव खाली तेरणेच्या थडीला पडलेलं. तिथं आता बाभळी माजल्यात, शेरडंसुद्धा दुपारची तिकडं जात नाहीत. शाळा माळाच्या टोकाला, पहिली ते दहावी. व्यंकट त्या शाळेचा कारकून, वय एक्कावन्न. अक्षर असं की तालुक्याचा साहेब त्याचा कागद दुसऱ्यांना दाखवी. आणि खोटं लिहायचं म्हटलं की त्याच्या बोटात पेटका येई.

त्याची बायको सिंधु त्याच शाळेत खिचडी शिजवायची. सकाळी दोघं बरोबर घराबाहेर पडत, तो पुढं, ती चार हात मागं. पंधरा दिवसांत चार शब्द बोलले तर खूप. भांडण नव्हतं. बोलायला घरात काही उरलंच नव्हतं.

त्या जूनमध्ये हजेरीपट मोजला तर एकाहत्तर पोरं. हेडमास्तर ईश्वरप्पा डोकं धरून बसले.

"व्यंकटराव, आनखी दोन वर्सं असंच चाललं तर शाळंला कुलूप. मंग तुमी-आमी बाभळी राखायला."

त्याच आठवड्यात लातूरहून रिजवान आला. गंजगोलाईच्या मागं त्याचं कॉम्प्युटरचं दुकान. बाप सलीमभाई रेडिओ दुरुस्त करायचा, हा कॉम्प्युटर करतो. कुणीतरी शाळेला दान दिलेले चार जुने संच त्यानं जीपमधून आणले. तीन चालू झाले. चौथ्याच्या पोटातलं काहीतरी जळलेलं होतं. तो कोपऱ्यात ठेवून त्याच्यावर जुनं धोतर टाकलं.

"आता ह्यात शिकायचं काय?" ईश्वरप्पांनी विचारलं.

"लातूरच्या क्लासमधी जे शिकवतेत ते सगळं, सर. पैलीपासनं दहावीलोक. ह्यातली बाई मराठीत बोलती, पोराचं नाव घिऊन शिकवती." रिजवाननं खुर्ची ओढली. "लोकं सालाचे पैसे भरून घेतेत. पर हे बनवनारी कंपनी तिघांला फुकट देती. शाळंला, नव्या धंद्याला आन् माझ्यासारख्या येड्याला."

हा रिजवान फावल्या वेळात मराठी अक्षरांचं एक सॉफ्टवेअर लिहायचा. ते सगळ्या जगाला खुलं होतं. कुणीही उघडावं, बघावं, दुरुस्त करावं, एक पैसा द्यायचा नाही.

"मंजी लष्कराच्या भाकरी," व्यंकट म्हणाला.

"हाव काका, तेच. पर शाळंला एक अट हाय. शिकनारे शंभर पायजेत. शंभराला एक जरी कमी असला तर न्हाई."

ईश्वरप्पांनी नुसतं व्यंकटकडं बघितलं. त्या बघण्याचा अर्थ शाळेतल्या घंटेलासुद्धा कळला असता.

व्यंकटनं दोन दिवस चालढकल केली. नावं काय, हवेतून काढायची? आणि मग तिसऱ्या दिवशी त्याला कपाटातलं जुनं रजिस्टर आठवलं.

शाळेत आलेल्या प्रत्येक पोराची त्यात ओळ असते. नाव, बापाचा धंदा, जन्मतारीख आणि शेवटी 'शाळा सोडल्याचे कारण'. भूकंपाच्या वेळी व्यंकट शाळेत शिपाई होता. पडलेल्या शाळेतून हे रजिस्टर तिसऱ्या दिवशी त्यानंच ओढून काढलं होतं. अजून पानं फडफडवली की माती गळायची. त्या वेळचे हेडमास्तर पुढं सात वर्षं नोकरीत होते. बदलून गेलेल्या पोरांपुढं त्यांनी 'बदली' लिहिलं. जी भूकंपात गेली त्यांच्यापुढं काय लिहायचं ते त्यांच्यानं लिहवलं नाही. त्या एकोणतीस ओळी शेवटच्या रकान्यापर्यंत येऊन तिथंच थांबल्या होत्या. नंतर आलेल्यांनीही त्यांना हात लावला नाही. असल्या ठिकाणी दुसऱ्याच्या अक्षरात आपलं अक्षर कोण मिसळणार?

व्यंकटनं मनाशी कारकुनी वाद घातला. यांची नावं कमी केलेली नाहीत. ज्याचं नाव कमी केलेलं नाही ते पटावर आहे. आहे ते लिहिणं खोटं कसं? आणि हे त्याला पटलं, हीच त्या माणसाची चूक. आयुष्यभर कागदावर विश्वास ठेवलेला माणूस कागदानंच फसतो.

तो एकेक नाव मशीनमध्ये घालू लागला. नीलाबाईचा बंडू. कमलम्माच्या दोन पोरी. दुसरीतला सिद्राम, ज्याच्या घरातली नऊच्या नऊ माणसं एका माळवदाखाली गेली होती. वर्गाच्या जागी मात्र बोट अडखळलं. कोण कुठं असतं आता? त्यानं सगळ्यांना पहिलीत बसवलं. जन्मतारखा त्यानं जशाच्या तशा लिहिल्या, बहुतेक सगळ्या एक जून. त्या काळी आईबापाला तारीख सांगता आली नाही की गुरुजी एक जून लिहीत.

अठ्ठावीस झाली. मशीननं आकडा दाखवला, नव्व्याण्णव. एक ओळ त्यानं आल्यापासून हाताखाली झाकून ठेवली होती. त्यानं हात उचलला.

मंगल व्यंकट. इयत्ता पहिली. एक जून सत्त्याऐंशी.

भूकंपाच्या रात्री सोयाबीनच्या राखणीला तो आणि सिंधु शेतावर होते. मंगल गणपती बुडवून दमली होती, आजीच्या कुशीत घरी झोपली. त्यानंतर त्यांना मूल झालं नाही. आणि तेवीस वर्षांत त्या घरात 'मंगल' हा शब्द कुणी तोंडातून काढला नव्हता, मंगळवारालासुद्धा सिंधु 'देवीचा वार' म्हणायची.

व्यंकटनं अक्षरं दाबली. शंभर झाले. तो बाहेर येऊन हौदावर तोंड धूत राहिला.

फुकटाचा परवाना आला. पोरं आळीपाळीनं बसू लागली. मशीनमधली बाई धड्याआधी नाव घेई, "हजर आहेस का?" विचारी, आणि पोरानं 'हजर'चं बटण दाबलं की पुढं जाई. धडा संपला की म्हणे, "शाबास. उद्या भेटू." पोरं खूश, ईश्वरप्पा खूश. दोन बापांनी लातूरची खोली रद्दही केली.

श्रावण लागला आणि पहिला अहवाल आला. ईश्वरप्पांनी तो व्यंकटच्या टेबलावर ठेवला.

"व्यंकटराव, शंभरपैकी एक्क्याऐंशी शिकून राहिलेत म्हनं. कमाल हाय राव! पोरं तर एकाहत्तर."

व्यंकटनं यादी हातात घेतली. एकाहत्तरांच्या खाली दहा नावं होती. बंडू, धडा चौथा. कमलम्माच्या पोरी, धडा तिसरा. सिद्राम, धडा सतरावा. सगळ्यात शेवटी मंगल, धडा सहावा. ती शेवटची ओळ त्यानं बोटानं धरून पुन्हा वाचली.

त्यानं रिजवानला फोन लावला.

"मशीन चुकत आसंल ना रे?"

"मशीन कामून चुकंल, काका? कुनीतरी बसून राहिलंय. मला हितं वेळबी दिसून राहिली. रोज दुपारचे एक ते दोन."

एक ते दोन म्हणजे खिचडीची सुटी. त्या वेळी पोरं सगळी चिंचेखाली जेवायला. कॉम्प्युटरची खोली बंद, आणि तिची किल्ली व्यंकटच्या करगोट्याला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो व्हरांड्यात थांबला. ऊन असं की पत्रे कडकड वाजत होते. दूर चिंचेखाली ताटल्यांचा आवाज. खोलीला बाहेरून कुलूप, ते त्यानं हातानं ओढून बघितलं. आणि आतून त्या बाईचा आवाज आला, अगदी समजुतीचा.

"मंगल, हजर आहेस का?"

बटण दाबल्याचा आवाज आला.

"शाबास, मंगल. आज आपण जोडाक्षरं शिकू."

किल्ली करगोट्याला होती, दार दोन हातांवर होतं, पण व्यंकटला ते उघडवलं नाही. तो घाबरला होता. आणि खरं सांगायचं तर दार उघडलं आणि आत कुणी नसलं तर, याची भीती जास्त होती. तो तसाच घरी गेला आणि तापानं फणफणला.

तीन दिवस तो अंथरुणात होता. सिंधु कपाळावर पट्ट्या ठेवायची. एकदा त्यानं डोळे उघडले तर ती चुलीपुढं बसून काडीनं राखेत काहीतरी गिरवत होती. त्याची चाहूल लागताच तिनं हातानं राख पुसली.

"काय करून राहिलीस?"

"कुठं काय. निखारं बगू लागले."

चौथ्या दिवशी तो शाळेत गेला आणि दुपारी एकला सरळ खिचडीच्या खोलीत शिरला. चूल विझलेली, सिंधु नाही. खिचडीची खोली आणि कॉम्प्युटरची खोली यांच्यात एक दार होतं. तांदळाची पोती त्याला लावून ठेवलेली असत, म्हणून ते दार आहे हेच तो विसरला होता. पोती आता निम्मी झाली होती आणि बाकीची कुणीतरी बाजूला सारली होती. त्यानं दार ढकललं.

आत आठ बायका होत्या. तीन संचांपुढं तिघी, बाकीच्या खाली फरशीवर पदर सावरून बसलेल्या, रेशनच्या रांगेत बसतात तशा. मधल्या खुर्चीवर सिंधु. तिचं एक बोट बटणावर होतं आणि ओठ हलत होते.

कुणीच ओरडलं नाही, कुणी उठलंही नाही. नीलाबाई एवढंच म्हणाली, "आलाव का? बसा आता."

"आगं," व्यंकट म्हणाला, "हे काय मांडलंय?"

सिंधुनं मान वर केली नाही. "मी तांदूळ काडाया पोती सारली तर हे दार उगडलं. पोरांनी मशीन चालूच ठिवली हुती. त्यात नावं दिसली. मला तेवडंच येतंय वाचाया, तिचं नाव. तुमीच पैल्या सालाला पाटीवर घालून दिलं हुतं तिला. मी बटनाला बोट लावलं तर ती बाई बोलली. तिनं मंगल म्हनलं. तेवीस वर्सं कुनी म्हनलं न्हाई. तुमीबी न्हाई."

व्यंकट मटकन पोत्यावर बसला. तेवीस वर्षांचं रडू माणसाला बसल्या जागी गाठतं, तसं त्याला गाठलं. बायकांनी त्याला रडू दिलं.

"मंग मी नीलाबाईला सांगितलं," सिंधु म्हणाली. "कमलम्माला सांगितलं. ज्याची त्याची माय येती. आपल्या लेकराचं हजर म्हनती, धडा करती, जाती. चोरी न्हाई केली."

व्यंकटनं डोळे पुसले. कारकुनाचं मन, रडतानाही त्याला यादी आठवली.

"आन् सिद्रामचं कोन करतंय? सतरा धडे झालेत त्याचे."

नीलाबाईनं सिंधुकडं बघितलं, सिंधुनं व्यंकटकडं.

"त्याचं कोन हाय करायला?" सिंधु हळूच म्हणाली. "आमाला वाटलं, तुमीच करून राहिलाव."

व्यंकटनं खिशातला अहवाल काढून उलगडला. त्यात प्रत्येकाच्या पुढं कोणत्या संचावर बसला तो आकडा होता. बंडू, एक. मंगल, दोन. सिद्रामच्या पुढं चार. त्यानं तो आकडा मोठ्यानं वाचला, आणि सगळ्यांनी कोपऱ्याकडं बघितलं. चौथा संच धोतराखाली गप होता. त्याची वायर भिंतीवरच्या खिळ्याला गुंडाळून टांगलेली होती. पत्रे कडकडले तशी कमलम्मानं पदर तोंडाला लावला आणि कानडीत देवाचं नाव घेतलं.

भादव्यात कंपनीचं पत्र आलं. ईश्वरप्पांनी ते तीनदा वाचलं आणि व्यंकटला बोलावून सांगितलं. यादीतले एकोणतीस जण पहिलीत आहेत आणि त्यांची वयं एकोणतीस ते पस्तीस, हे कसं काय, म्हणून कंपनीनं विचारलं होतं. खुलासा करा, नाही तर नावं काढा. आठ दिवसांत काही आलं नाही तर सगळ्या शाळेचा परवाना बंद.

"लिहा की, तारखा चुकल्या म्हनून," ईश्वरप्पा म्हणाले. "सगळी दोन हजार दहाची करा. कोन बगायला येतंय मोगरवाडीला?"

व्यंकट मान खाली घालून उभा राहिला. त्याचा उजवा हात आतल्या आत आखडत चालला होता.

"न्हाई जमायचं, सर. त्यांच्या तारखा तेवड्याच ऱ्हायल्यात. त्याबी खोडू?"

ईश्वरप्पा ओशाळले. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता.

रिजवाननं फोनवर सगळं ऐकून घेतलं.

"काका, त्या आठजनी खरंच शिकून राहिल्यात न्हवं? मंग त्यांचंच नाव घाला. शाळंत शिकनारा मानूस खरा पायजे, वयाचं काई न्हाई. कंपनीच्या कागदात तसंच हाय, मी वाचलंय. फकस्त जे न्हाईत त्यांला काडावं लागंल."

आठाच्या तीस व्हायला सहा दिवस लागले. सिंधु आणि नीलाबाई घरोघर फिरल्या. कुणाचा नवरा हसला, कुणाची सासू म्हणाली, आता मढ्याबरोबर पाटी देऊ का? तरी तीसजणी आल्या. व्यंकटनं मोजलं. एकाहत्तर आणि तीस, एकशे एक. शाळा वाचली.

राहिलं होतं ते नावं काढायचं. त्यानं ज्यांच्या आया होत्या त्यांना बोलावलं. नाव काढताना मशीन कारण विचारी. व्यंकट एकच शब्द लिही आणि जिची तिची आई बटण दाबी. नीलाबाईनं दाबलं आणि बोट पदराला पुसलं. कमलम्मानं दोनदा दाबलं. मग सिंधु बसली.

व्यंकटनं मंगलच्या पुढं तो शब्द लिहिला. सिंधु पडद्याजवळ वाकली. तिच्या बोटानं एकेक अक्षर धरलं.

"म. य. त." तिनं वाचलं.

लग्नाला तीस वर्षं झाली, तिनं वाचलेलं व्यंकटनं पहिल्यांदा ऐकलं. हा शब्द तिनं वाचायला नको होता असं त्याला फार वाटलं. पण तिनं तो पुन्हा एकदा नीट वाचला, मान हलवली आणि बटण दाबलं. नाव गेलं. थोड्या वेळानं मशीनमधली बाई म्हणाली, "सिंधु, हजर आहेस का?"

सिंधु दचकली. माहेर सुटल्यापासून तिला त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. आधी मंगलची माय, आणि मग कोणीच नाही.

"सांग की," व्यंकट म्हणाला. "हायस का?"

"हाय," ती म्हणाली आणि बटण दाबलं.

ज्यांचं कुणी उरलं नव्हतं अशी सहा नावं व्यंकटनं स्वतः काढली. शेवटी सिद्राम राहिला. धडा एकतिसावा. व्यंकटनं कारणाच्या जागी बोट नेलं आणि त्याच्या बोटात पेटका आला. आयुष्यभर तो पेटका खोटं लिहिताना यायचा. आता खरं लिहीत होता तरी आला. त्यानं हात झटकला, पुन्हा बसला, पुन्हा तेच. शेवटी त्यानं मशीन बंद केलं. मग जुनं रजिस्टर घेऊन अठ्ठावीस ओळींचा शेवटचा रकाना आपल्या चांगल्या अक्षरात भरला. एक ओळ तशीच ठेवली. ते जुने हेडमास्तर सात वर्षं का थांबले होते, ते त्याला आता कळलं.

कंपनीला त्यानं लिहून कळवलं की एका विद्यार्थ्याबद्दल अजून खात्री झालेली नाही. त्यावर कुणी काही विचारलं नाही.

तीस सप्टेंबरला, भूकंपाच्या दिवशी, गाव खाली जुन्या गावात जातं. पडलेल्या उंबऱ्यांवर हळदकुंकू वाहतं, नारळ फोडतं. त्या दिवशी शाळा बंद असते. दुपारी परतताना सिंधु बायकांबरोबर पुढं गेली आणि व्यंकट शाळेचं कुलूप नीट आहे का ते बघायला माळावर वळला. चिंचेखाली कुणी नव्हतं. खोलीला बाहेरून कुलूप, आतलं दार त्यानंच कालपासून पोत्यांनी बंद केलेलं. शाळेची वीजही सकाळपासून गेलेली.

"सिद्राम, हजर आहेस का?"

व्यंकट थांबला. आतून बटणाचा आवाज येईल म्हणून त्यानं वाट बघितली. आला नाही. गेलेल्यांचा दिवस होता. ज्याचं त्याचं माणूस ज्याच्या त्याच्या उंबऱ्यावर होतं. सिद्रामच्या घराचा उंबरासुद्धा सापडलेला नव्हता, तिथं कुणी गेलं नव्हतं.

"सिद्राम, हजर आहेस का?" बाईनं पुन्हा विचारलं.

व्यंकट लहानपणी गुरं वळायला जायचा तेव्हा शेजारचा सोबती त्याची हजेरी लावायचा. मान खाली घालून, आवाज बदलून. सापडला तर छड्या खायचा, पण पटावर नाव राहायचं. व्यंकटनं इकडं तिकडं बघितलं आणि तोंड दाराच्या फटीला लावलं.

"हजर," तो म्हणाला.

मग त्यानं फटीला कान लावला.

"शाबास, सिद्राम," बाई म्हणाली आणि धडा पुढं सुरू झाला. व्यंकट व्हरांड्याच्या पायरीवर बसला. धडा संपेपर्यंत तो तिथून उठला नाही.